ड्रॅगनचं पोट वाढलं!

"अरे, हिरवा रंग सारा संपवला का?" संघपाल ओरडला.

"मी नाही, ह्यानं!" रुचिकानं मोनूकडे बोट दाखवलं. चार वर्षांचे मोनूसाहेब कोपरापर्यंत हिरवे झाले होते!

सगळे खो खो हसले. खुशबूनं मात्र धाकट्या भावाचे हात नुसते पुसले. आपणही हसायला हवं हे तिला कळत होतं, पण आत काही हलतच नव्हतं. दिवाळीनंतर आई गेली, तेव्हापासून हे असंच. ती रडलीसुद्धा नव्हती.

आई याच अंगणवाडीची सेविका होती. बाहेरच्या भिंतीवर तिनं कोळशानं ड्रॅगन काढून ठेवला होता. मोहाच्या झाडाखाली बसलेला, गोल डोळ्यांचा, पाठीवर ससे घेऊन बसणारा भला ड्रॅगन! तो रंगवायचा राहून गेला. म्हणून उन्हाळ्याची सुटी लागताच खुशबू, रुचिका आणि संघपाल या तिघांनी सानगडीच्या बाजारातून रंग आणले आणि अंगणवाडीची चिल्लीपिल्ली मदतीला घेतली.

"खुशबू, ह्याचं पोट कालपेक्षा मोठं दिसून राहिलं!" रुचिका म्हणाली.

"मोहफुलं खाल्ले असन त्यानं!" संघपाल म्हणाला.

खुशबूनं भिंतीला गाल लावून कडेनं पाहिलं. भिंत खरंच फुगली होती! पोटावरच्या रंगाला बारीक चीर गेली होती. गोदामं भरली म्हणून धानखरेदीवाल्या हिरालालकाकांनी अंगणवाडीची आतली खोली छतापर्यंत धानाच्या कट्ट्यांनी, म्हणजे पोत्यांनी, ठासली होती. सगळा भार या भिंतीवर!

सांगितलं तर भिंत पाडतील. मग आईचा ड्रॅगनही जाईल. तिला हे कळलं, पण दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसं. तेवढ्यात मोनू ड्रॅगनच्या पोटाला पाठ टेकून ऐटीत बसला.

"मोनू! ऊठ तिथून!"

तिनं सगळ्या पोरांना कडुनिंबाखाली नेलं. "ड्रॅगनचं पोट दुखते. त्याच्याजवळ कोणी जायचं नाही!" मग चीर वाढते का ते कळावं म्हणून तिच्यावर आडवी कागदाची पट्टी भाताच्या खळीनं पक्की चिकटवली. दुपारी तिघं परतली, तर पट्टी मधोमध फाटलेली!

तिघांनी हिरालालकाकांना बोलावून आणलं, पण त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही. "उन्हानं रंग तडकला असन. जा पोट्टेहो, खेळा!"

"बरं, काका," संघपाल साळसूदपणे म्हणाला. "मंग तुमची नवी गाडी उन्हात काहून? भिंतीले लागून ठेवा ना. मस्त सावली हाये!"

काका किल्ली काढून गाडीकडे वळले. भिंतीकडे पाहून थबकले. किल्ली खिशात गेली.

"तिथं नको..."

"गाडीले नको, अन् लहान पोट्ट्याइले चालते?" खुशबूनं विचारलं. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

मदतनीस ललिताबाई दारातच उभ्या होत्या. त्या कडाडल्या, "हिरालालभाऊ, हमाल बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

हमाल आले. त्यांनी सगळ्यांना लांब हटवलं. पलीकडच्या दारातून ते पहिले कट्टे काढतात न काढतात, तोच भिंत कुरकुरली. सगळे बाहेर पळाले आणि... धडाम! ड्रॅगनचं पोट फुटलं आणि धान अंगणभर सांडलं. खाली कोणी नव्हतं!

"खुशबू, तुम्हा तिघाइनं आमचे लेकरं वाचवले!" ललिताबाईंनी तिला जवळ घेतलं. हिरालालकाका मान खाली घालून म्हणाले, "चुकलोच मी, पोरी." जो तो पाठ थोपटत होता. खुशबू नुसती मान हलवत होती. ते हात तिच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मोनू विटांच्या ढिगाकडून काहीतरी छातीशी धरून आला. पोपड्याचा तळहाताएवढा तुकडा होता, रंग न लागलेला. त्यावर कोळशाचा एक गोल डोळा.

"ताई, आईनं काढलेला. फुटला नाही."

खुशबूनं तो हातात घेतला आणि तिला एकदम रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देत, इतक्या महिन्यांचं सगळं रडू!

"ताई, तिकडं रड ना!" मोनू घाबरून ओरडला. "डोळा पुसून जाईन!"

खुशबूनं तुकडा डोक्यावर उंच धरला, आणि रडता रडताच ती हसली.