माप चालू असताना बोलू नये

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या तोंडावर चेंडू मारला. नेम चांगला होता.

त्याआधी त्यानं "मारू का?" असं विचारलं होतं आणि मी "मारा" म्हटलं होतं, हेही सांगायला हवं. नाहीतर आमच्या ताईसारखा तुमचाही त्याच्याबद्दल गैरसमज व्हायचा.

झालं असं, की ताईच्या आइस हॉकी संघातली गोलकीपर बदली होऊन गेली. ताई कप्तान. मी तिची धाकटी बहीण, पेशानं दातांची डॉक्टर, आणि बर्फावर उभी राहिले की तिसऱ्या मिनिटाला आडवी.

"तू गोलात उभी राहा," ताई म्हणाली.

"अगं, मी सारखी पडते!"

"गोलकीपरनं पडायचंच असतं. तुला आयतंच येतं."

सामन्याला दोन महिने होते. ताईनं हातात सामानाची यादी कोंबली आणि मी खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरले. दुकान त्याच्या मावशीचं. मावशी काउंटरवर बसायच्या, तो मापं घ्यायचा. गळ्यात कायम टेप. सगळे खेळाडू त्याला 'टेपभाऊ' म्हणायचे. मी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि 'अहो'वर थांबले. मला भाऊ आधीच दोन आहेत.

"अहो, तो वाघाच्या तोंडाचा मास्क द्या," मी भिंतीकडे बोट केलं.

"वाघ नंतर. आधी हनुवटी." त्यानं दुसराच, साधा पांढरा मास्क माझ्या डोक्यावर चढवला, मागचे पट्टे ओढले. "मान हलवून 'नाही' म्हणा."

"नाही."

"आता 'हो' म्हणा."

"हो."

"छान. हलत नाही."

"मी इतक्या लवकर कुणाला हो म्हणत नाही," मी जाळीतून म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. मग तो मला मागच्या गोदामात घेऊन गेला. त्या दुकानाची रीतच होती — तोंडावर टेनिसचा चेंडू बसल्याशिवाय मास्क विकायचा नाही.

"डोळे मिटले, तर एक तर मास्क बसला नाही, नाहीतर तुमचा त्याच्यावर विश्वास बसला नाही... मारू का?"

चेंडू जाळीवर आदळला, डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं.

"तुम्ही डोळे मिटलेच नाहीत!" तो म्हणाला.

"समोर पाहण्यासारखं होतं."

एवढा नेमबाज माणूस, पण पुढचा चेंडू त्यानं खोक्यांच्या ढिगावर मारला.

यादीत आठ वस्तू होत्या. एका दुपारी सगळं उरकलं असतं. पण यादी संपली की त्या दुकानात जायचं कारणही संपणार, एवढं मला कळत होतं. म्हणून मी दर शनिवारी एकच वस्तू घ्यायचं ठरवलं. दातांच्या डॉक्टरला हे नवीन नाही. एका दाढेसाठी माणसाला चार वेळा बोलावणं आम्ही कर्तव्य समजतो.

दुसऱ्या शनिवारी स्केट्स. तिसऱ्या शनिवारी छातीचं चिलखत... ते घालून मला दारातून बाहेर पडता येईना, तेव्हा त्यानं मला आडवी वळवून काढलं, कपाट काढतात तशी. चौथ्या शनिवारी चकती, म्हणजे या खेळातला रबरी चेंडूच, पकडायचा हातमोजा.

"कडक नको," तो म्हणाला. "पट्टीचे खेळाडू कडक घेतात. नवशिक्याला मिटणारा हवा, नाहीतर चकती आत येऊन परत जाते. हं, मिटा."

मी मिटला. त्याची बोटं आतच होती.

"सोडा..."

"नवशिकी आहे. मिटायचं जमलं, सोडायचं अजून शिकायचंय."

"मुली," मावशी काउंटरवरून म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत लोक अख्खा संघ उभा करतात."

तो मात्र इंचाच्या बाहेर काही बोलायचा नाही. माझा घोटा, मनगट, खांदा, सगळं त्याला पाठ होतं. मला काय वाटतं, हे सोडून.

आठव्या शनिवारी यादीत एकच ओळ उरली — पायाचे पॅड. मी स्केट्स घालून बाकावर बसले. तो समोर गुडघे टेकून टेप लावू लागला.

"इथे सगळे नवशिके चुकतात," तो म्हणाला. "जितका मोठा पॅड तितका गोल झाकला, असं वाटतं त्यांना. पण गुडघा नेमका आतल्या गादीवर टेकायला हवा. इंचभर मोठा झाला की पॅड एकीकडे, पाय दुसरीकडे."

त्याच्या डोक्यावर भिंतीला पाटी होती : 'माप चालू असताना बोलू नये'. पण मी दिवसभर तोंडात यंत्र घातलेल्या लोकांना प्रश्न विचारते. सवय जाते थोडीच?

"लग्न झालंय तुमचं?"

टेप थांबली.

"...नाही," तो म्हणाला आणि खाली मान घालून चिठ्ठीवर आकडा लिहिला.

मी वाट पाहिली. एखादा उलटा प्रश्न तरी?

"पॅड मागवावे लागतील. सामन्याच्या सकाळी थेट मैदानावर पोचतील."

"बस?"

"बस."

यादी संपली.

सामन्याच्या सकाळी पॅड आले; आणणारा कुणी भलताच होता. मी ते बांधून गोलात उभी राहिले. पहिल्यांदा खाली बसले, तर गुडघा गादीच्या दोन बोटं खाली! पॅड एकीकडे वळला, मी दुसरीकडे. दोन्ही पॅड एकमेकांत अडकून मी तोंडावर आपटले, आणि चकती माझ्याच पोटाखाली सापडली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला. ठरवूनच केलं होतं, असं दाखवायला काय जातं?

आम्ही चारविरुद्ध सात गोलांनी हरलो. ताईच्या मते आजवरचा आमचा सर्वात देखणा पराभव.

कपडे बदलताना मी पॅडची मागची बाजू पाहिली. तेहतीस. घरी टेप काढून पाय मोजला. बत्तीस. पुन्हा मोजला. बत्तीसच! मी आनंदानं ओरडले. तक्रार करायला एवढ्या खुशीत त्या दुकानात कुणी गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पॅड काखेत मारून, पावसात भिजत, मी दारात हजर.

"माप चुकलंय."

"आमच्याकडे माप चुकत नाही," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "सात वर्षांत एकदाही नाही."

"चुकलंय," तो म्हणाला. "काल रात्री चिठ्ठी पाहिली तेव्हा आठवलं. बत्तीस वाचलं... आणि तेहतीस लिहिलं."

"असं कसं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"तुम्ही बोललात ना... मध्येच."

मावशींनी आता मान वर केली. "काय बोलली?"

त्यानं घाईघाईनं बाक पुढे ओढला.

"बसा," तो मला म्हणाला. "पुन्हा घेतो. या वेळी बोलू नका."

मी बसले. ओठ घट्ट मिटून घेतले. त्यानं टेप लावली, पायाच्या टोकापासून मांडीपर्यंत, अगदी सावकाश. आणि मग खाली मान घालूनच तो बोलायला लागला.

"पुढच्या शनिवारी तुमच्या यादीत काहीच नाही. माझ्या लक्षात आहे. पहिली भेट सोडली तर सात आठवडे मी दर शुक्रवारी रात्री दाढी केलीय... एरवी मी सोमवारी करतो. तर... यादीत काही नसतानाही तुम्ही आलात तर? किंवा मीच आलो तर? दात तसे बरे आहेत माझे. पण येईन."

बोलायची बंदी! तोंड मिटून प्रश्न ऐकणं काय असतं, ते माझे पेशंट रोज सोसतात. मी त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि पाटीकडे बोट केलं.

मावशी उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली आणि काउंटरखाली टाकली.

"बोल गं बाई आता. गिऱ्हाइकं ताटकळलीयत."

"हो," मी म्हटलं. या वेळी मानही हलवली, मास्क नसताना.

त्यानं भराभर चिठ्ठी लिहून मावशींच्या हातात दिली. मावशींनी चष्मा खाली ओढून ती वाचली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा तेहतीस," त्या म्हणाल्या, आणि कानामागची पेन्सिल काढून स्वतः बत्तीस केलं.