जमीन हातभर खाली

साक्रीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर चढताना आता कुणाचे पाय लटपटत नव्हते. प्रशिक्षण केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला एक मोबाइल आणि त्याला जोडलेला चष्मा मिळे. चष्म्यातून पाहिलं की समोरच्या खऱ्या यंत्रावरच खुणा उमटत: आधी हा बोल्ट, पाना असा धर, आता तेल बघ. पण त्याची खरी करामत खाली पाहिल्यावर कळे. चढणाऱ्याच्या पायांखाली, हातभर अंतरावर, तो गवताळ जमीन रंगवून दाखवी. तिला केंद्रातले लोक ‘भूपट’ म्हणत. उंचीची भीती गेली की मन कामात लागतं आणि वर्षाचं शिक्षण दोन महिन्यांत उरकतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

हेमलता देवरे पहिल्याच तुकडीत होती. पूर्वी माळ्यावरचा डबा काढायलाही ती नवऱ्याला, भटूला, हाक मारायची. शिक्षण संपलं, चष्मा उतरला, तरी ती चक्कीच्या टोकावर उभी राहून निवांत पाणी प्यायची. कमरेला दोर बांधण्याचा नियम मात्र ती पाळायची, त्यामुळे कामावर कधी काही घडलं नाही.

घडलं ते घराच्या गच्चीवर. हेमलता कुरडया वाळत घालत होती. सहा वर्षांची मनू कठड्यावर बसून बाहेरच्या बाजूला पाय झुलवत होती. जिना चढून आलेल्या भटूनं ते पाहिलं आणि धावत जाऊन मुलीला मागे ओढलं.

“हेमा, तुला दिसली नाही ही?”

“दिसली ना.”

“मग?”

हेमलता कुरडईचं पीठ हाताला तसंच ठेवून उभी राहिली. “अहो, दिसली. पण आत काही हललंच नाही.”

दुसऱ्या दिवशी ती भूपट बनवणाऱ्या डॉ. नाडगौडांसमोर बसली होती.

“सर, माझी भीती मला परत द्या.”

“ताई, भीती म्हणजे शरीराचा अंदाज,” नाडगौडा म्हणाले. “डोळे खोली पाहतात, शरीर सांगतं, पडशील. तुमच्या शरीरानं दरवेळी खाली पाहिलं आणि दरवेळी तिथं जमीन होती. आता ते अंदाज बांधतच नाही.”

“चष्मा काढल्यावरसुद्धा?”

“काढला की येईल परत, असं आम्हाला वाटलं होतं.”

“मग जमीन दाखवलीत तशी दरी दाखवा.”

“दाखवू. पण भीती आली तर चक्कीवर चढता येणार नाही. नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

प्रयोग महिनाभर चालला. चष्म्यातून हेमलताच्या पायांखालची फरशी दुभंगायची, खाली तुटलेले कडे दिसायचे. ती त्यावरून सरळ चालत पलीकडे जायची.

“जमीन शरीराला हवी होती, म्हणून त्यानं ती खरी मानली,” शेवटी नाडगौडा खालच्या आवाजात म्हणाले. “दरी कुणाला हवी असते? ताई, मुलीला जपा. कशाला घाबरायचं हे लहान मूल आईच्या चेहऱ्यावर वाचतं.”

हेमलतानं नोकरी तरीही सोडली. घरी आल्यावर ती भटूला म्हणाली, “तुम्ही घाबरता कसे, ते मला दाखवा.” भटू संकोचला, पण त्यानं दाखवलं. डोळे कसे विस्फारतात, श्वास कुठे अडकतो, हाक कशी फाटते. हेमलता आरशासमोर सराव करत राहिली.

दिवाळीत तिघं भटूच्या मावशीच्या शेतावर गेली. तिथल्या विहिरीला कठडा नव्हता. मनू काठापर्यंत गेली, थांबली आणि वळून तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. हेमलतानं काहीच चुकवलं नाही. डोळे विस्फारले, हात तोंडावर नेला, किंचाळली, “मनू, मागे हो!” आणि ठरवल्याप्रमाणे धावलीही.

मनू क्षणभर तो चेहरा निरखत राहिली. मग खुदकन हसली.

“आई, नाटक करतेस!”

आणि तिनं पुढचं पाऊल टाकलं.

विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीपाशी उभा असलेला भटू जवळ होता. त्यानं झेप घेतली. फ्रॉक हातात आला, मूल आलं. तिला छातीशी धरून तो चिखलात बसला आणि थरथरत, हुंदके देत रडू लागला. त्याच्या मिठीतून मनू अलगद सुटली आणि आईशेजारी येऊन उभी राहिली. दोघी शांतपणे त्याच्याकडे बघत होत्या.

“आई,” मनूनं विचारलं, “बाबांना काय झालं?”