मुका बोलपट

डबा फुटपाथवरून गडगडत आला आणि सुलेखाच्या चपलेपाशी आडवा झाला. गोल, चपटा, पत्र्याचा. त्याच्यामागून एक उंच मुलगा धावत आला. काखेत तसलेच आणखी दोन डबे, आणि तोंडी चक्क मराठी, "अरे देवा, गेलं, गेलं!"

लॉस एंजेलिसच्या त्या बस स्टॉपवर जॅकरँडाची जांभळी फुलं टपटप पडत होती. पण घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या मुलीला पत्र्याचा डबा दिसला की दुसरं काय सुचणार?

"चकल्या का?" तिनं डबा पुढे करत विचारलं.

तो दचकला, मग हसला. "नाही हो... सिनेमा आहे."

हा शैलेंद्र. नागपूरचा, युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करणारा, आणि हातखर्चासाठी फिल्म डिपार्टमेंटच्या छोट्या हॉलमध्ये जुने सिनेमे लावणारा. ती पुण्याची, केमिस्ट्रीत पीएचडी करणारी. बस आली आणि गेली. पुढचीही गेली. दोघांनाही कसली घाई नव्हती.

हे १९८३ सालच्या मे महिन्यातलं. पुढच्या वर्षभरात 'अहो'चं 'अरे' झालं. पिझ्झा, भांडणं, लाँड्री, सगळं एकत्र झालं. जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलणं झालं. फक्त एकच गोष्ट कुणी बोललं नाही. तो बोलेल म्हणून ती थांबली, ती बोलेल म्हणून तो. आणि एके दिवशी तो म्हणाला, "मिनेसोटात जॉब मिळाला गं. ईडन प्रेरीला. शनिवारचं फ्लाइट आहे."

"काँग्रॅच्युलेशन्स!" सुलेखा म्हणाली आणि घरी येऊन ओट्याशी रडत बसली.

"कांदा कुठे दिसत नाही तो?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

या व्हायोला. 'मला नुसतं व्हायोला म्हण,' असं त्यांनी सांगितलं होतं, पण थोरामोठ्यांना असं नावानं हाक मारायला सुलेखाची जीभ वळेना. म्हणून व्हायोलाआजी. हॉलिवूडच्या पहिल्यावहिल्या बोलपटांत आजींनी दारं उघडली होती, ट्रे ठेवले होते, नायकांचे कोट धरले होते. "तेव्हा माइक फुलदाणीत लपवलेला असायचा," त्या सांगायच्या. "प्रेमाचं बोलायचं, तेही फुलदाणीकडे तोंड करून!"

त्यांना बोलायला मिळालं ते एकदाच. एकच वाक्य. तो सिनेमा लागला तेव्हा त्या आजारी आईपाशी गावी होत्या, आणि परतेपर्यंत तो उतरलाही होता. पुढे कुणी वाक्य दिलं नाही.

शैलेंद्रनं तो सिनेमा शोधून काढला होता. शुक्रवारी दुपारी आजी मोत्यांची माळ घालून रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसल्या. सुलेखा त्याला भेटायला मागे प्रोजेक्टरच्या खोलीत गेली, तर त्याचा चेहरा पडलेला.

"आवाज नाहीये."

"म्हणजे?"

"या सिनेमाचा आवाज फिल्मवर नव्हताच. वेगळ्या तबकड्यांवर होता, आणि त्या हरवल्यात. आत्ता कळलं, यार. आजींना कसं सांगू?"

सांगायचा धीर दोघांनाही झाला नाही. दिवे मालवले.

पडदा उजळला. झुंबरं, जिने, ओठ हलवणारी माणसं, आणि सगळीकडे शांतता. सुलेखानं शेजारी बसून आजींचा हात घट्ट धरला. दार उघडलं. पांढऱ्या एप्रनमधली एकोणीस वर्षांची एक मुलगी आत आली आणि तिचे ओठ हलले.

"मॅडम बागेत आपली वाट पाहताहेत, सर."

हॉलमध्ये आवाज घुमला. ते वाक्य आजींनी म्हटलं होतं. पडद्यावरच्या ओठांशी जुळवून, एक अक्षर इकडचं तिकडे न होता.

सुलेखाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आजी मात्र खुशीत होत्या. नायक बागेत पोचला तशा त्या मागे वळून ओरडल्या, "आता या दोघांचं कोण बोलणार? मला फक्त माझंच येतं!"

प्रोजेक्टरच्या खिडकीतून खाकरल्याचा आवाज आला. मग मराठीत, नायकाच्या ऐटीत...

"बाईसाहेब, थंडी नाही का वाजत?"

सुलेखाला हसू फुटलं. पडद्यावरच्या नायिकेनं मान वेळावली, तशी तीही म्हणाली, "वाजते की. पण तुमच्या मिनेसोटाएवढी नाही."

"तिकडे जायचं अगदी जिवावर आलंय."

"का बरं? बर्फ आहे, पगार आहे..."

"तू नाहीस."

नायकानं नायिकेचा हात हातात घेतला. त्याचे ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा हलत होते. पण खिडकीतून काही येईना.

"तो बोलतोय अजून," सुलेखा मागे वळून म्हणाली.

"तो काय बोलतोय ते ठाऊक आहे गं. पण माझ्यानं..."

आणि रीळ संपलं. बाग गेली, नायक गेला, नुसता पांढरा पडदा उरला. उद्या शैलेंद्रचं विमान. आता कुणाच्या ओठांमागे लपायचीही सोय नव्हती.

सुलेखा उठून उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली.

"शैलेंद्र, मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. माझी पीएचडी व्हायला अजून दोन वर्षं आहेत... माझ्यासाठी थांबशील?"

मागे काहीतरी धाडकन पडलं. प्रोजेक्टर तसाच चालू ठेवून तो धापा टाकत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. केसांवर धूळ, डोळ्यांत पाणी.

"काय म्हणालीस? मशीनच्या आवाजात ऐकूच आलं नाही."

"खोटं."

"खोटंच. थांबेन गं, दोन काय, दहा वर्षं थांबेन. पण पुन्हा एकदा म्हण ना..."

आणि त्या उजेडात, त्याच्याकडे बघत, तिनं पुन्हा म्हटलं.