मध्यंतरात गेलेली माणसं

“मध्यंतरात जो बाहेर गेला, त्याला परत आत घ्यायचं नाही. मग तो कोणी का असेना!”

हॅलॉक सरांचा हा आवाज सकाळपासून सिग्नेच्या कानात घर करून बसला होता. सर कॉलेजच्या क्रीडाविभागाचे प्रमुख आणि सिग्ने त्यांच्या हाताखाली. तिच्याकडे काम एकच... शनिवारच्या फुटबॉल सामन्याला माणसं आणायची, आणि आलेली टिकवायची. आणणं एक वेळ जमे, टिकवणं जमत नव्हतं. मध्यंतर झालं की पोरं, आईबाप, गावकरी सगळे उठून गाड्यांच्या तळावर जात. तिथे शेगड्या पेटलेल्या असत, सॉसेज चुरचुरत असत. मग उत्तरार्धाला निम्मेशिम्मेच परतत! विश्वस्तांनी बजावून ठेवलं होतं, या मोसमात स्टँड भरले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून कॉलेजात फुटबॉल नाही. फुटबॉल नाही म्हणजे त्याच्याबरोबरचा बँडही नाही.

म्हणून तो नियम. आणि खरं सांगायचं तर तो सिग्नेनेच सुचवला होता.

ऑक्टोबरातली बारीक, बोचरी भुरभुर चालू होती. तळ्यावरून येणारा वारा कानशिलं सोलून काढत होता. सिग्ने मैदानाच्या दरवाज्यात उभी असताना एक उंच तरुण पळत पळत आला. अंगात बँडचा लाल डगला, काखेत तुऱ्याची टोपी.

“थांबा. आत नाही जाता येणार.”

“अहो, मी बँडमधला! मोठा ड्रम वाजवतो. मध्यंतराचा कार्यक्रम वाजवला आणि हातमोजे आणायला गाडीपर्यंत गेलो, एवढंच.”

“मध्यंतरात बाहेर गेलेला कोणीही—”

“म्हणजे माझा ड्रम आत आणि मी बाहेर?”

“ड्रम बाहेर गेला नव्हता,” सिग्ने हळूच म्हणाली.

तो बघतच राहिला. पापण्यांवर पावसाचे थेंब, आणि त्यांच्यामागे... राग असायला हवा होता तिथे हसू. “वा! ड्रमला माझ्यापेक्षा शिस्त आहे म्हणायची.”

तिने त्याला आत सोडलं नाही. थोड्या वेळाने आपल्या संघाने गोल केला, बँडने विजयाची धून धरली. पण ठेक्यावाचून ती धून दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखी वाटत होती. सिग्नेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सामना संपल्यावर ती त्याला शोधत तळावर गेली. तो बर्गस्ट्रॉमबाईंच्या शेगडीपाशी उभा होता. बर्गस्ट्रॉमबाई म्हणजे गावातल्या जुन्या शिक्षिका. कुठलाही शनिवार त्यांच्या शेगडीवाचून जात नसे.

“आल्या बघा दरवाज्याच्या राणीसाहेब!” तो ओरडला. “आता इथून गेलात तर मी परत येऊ देणार नाही हं!”

“लेलँड, पोरीला आधी खायला दे, टोमणे मागाहून मार,” बाई म्हणाल्या.

“मी माफी मागायला आले होते...”

“भरल्या तोंडाने माग. गरम आहे तोवर खा आधी.”

सिग्नेने पाव हातात घेतला, डोळे मिटले आणि मान खाली घालून देवाचे दोन शब्द मनात म्हटले. घास घेण्याआधीचा तिचा हा नेम कधी चुकला नव्हता. डोळे उघडले तर समोर लेलँड... तोंडातला घास तसाच थांबवून, टोपी काढून, भर पावसात उघड्या डोक्याने उभा! केसांतून पाणी निथळत होतं. तिने बघितलं तसा तो लाजला आणि घाईघाईने चावू लागला.

 तिने मनात होतं तेच विचारलं.

“बाई, तुम्ही सगळे आत का येत नाही हो?”

“यायचो की! मध्यंतरात इथे घटकाभर शेगडीपाशी बसायचं, सुखदुःखाचं बोलायचं आणि परत आत जायचं. आता तुम्ही म्हणता, गेलात तर गेलात. मग आम्ही जातच नाही आत. भांडणच नको!”

सिग्नेच्या हातातला पाव निवत चालला. माणसं टिकवायला म्हणून लावलेलं कुलूप तिने माणसांच्याच तोंडावर लावलं होतं.

“कोंडल्यावर कुणी बसतं का?” लेलँड म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता. “बोलवायला जावं लागतं.”

“कोण जाणार बोलवायला?”

“आम्ही. मध्यंतराचा कार्यक्रम झाला की बँडला थोडी विश्रांती असते. ती नको आम्हाला. वाजवत इथपर्यंत येऊ, वाजवत परत जाऊ. तू फक्त दरवाजा उघडा ठेव.”

हॅलॉक सर आधी चिडले. “नियम तूच मागितलास, आता तूच मोडतेस?” पण मोसम हातचा जात होता, म्हणून त्यांनी मान डोलावली.

पहिल्या शनिवारी बँडच्या मागोमाग आत आलं ते एक कुत्रं आणि बर्गस्ट्रॉमबाई. लेलँड हसून हसून बेजार झाला. सिग्ने मात्र हिरमुसली.

“अगं, कुत्रं शेवटपर्यंत बसलं की नाही? विश्वस्तांपेक्षा बरं!”

मग रोज दुपारी दोघं वसतिगृहं पालथी घालू लागली. तो काठ्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेका धरायचा, ती हळू आवाजात पोरांना शनिवारचं आमंत्रण द्यायची. “तू इतकी हळू बोलतेस ना,” तो एकदा म्हणाला, “की ऐकायला माणसाला जवळच यावं लागतं.” आणि खरंच जवळ आला. तिने दुसरीकडे बघितलं... पण सरकली नाही. वाऱ्याचं निमित्त करून त्याने आपला एक हातमोजा तिला दिला. उरलेल्या दोन उघड्या हातांचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही. रस्ताभर ते एकमेकांत होते.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना. आभाळ राखेसारखं, बर्फाची पहिली भुकटी पडू लागलेली. संघ सपाटून मार खात होता. मध्यंतर झालं, स्टँड रिकामा झाला, बँडही वाजवत तळाकडे गेला. सिग्ने उघड्या दरवाज्यात एकटीच उरली. ड्रमचा आवाज लांब लांब गेला... आणि थांबला.  मग पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी जवळ येत राहिला. पुढे लेलँड, छातीवर ड्रम. मागे बर्गस्ट्रॉमबाई, आणि त्यांच्यामागे... माणसंच माणसं! घोंगड्या पांघरलेली, हातात वाफाळते पेले घेतलेली, लेकरं खांद्यावर बसवलेली. दरवाज्यातून जाताना लेलँडने ठेका न सोडता डोळा मिचकावला. सिग्ने हसली आणि त्याच क्षणी तिला रडू आलं.

संघ हरला, पण कुणी उठलं नाही. हरलेल्या पोरांसाठी सगळ्यांनी उभं राहून कॉलेजचं गाणं म्हटलं.

पांगापांग झाल्यावर लेलँड तिच्याशेजारी बाकावर येऊन बसला. काठ्या बोटांत उगाच फिरवत राहिला.

“सिग्ने... फुटबॉल राहिला तर मी इथेच. नाही राहिला तर डकोटात माझ्या भावाच्या शाळेत बँड शिकवायची जागा आहे. लांब आहे गं.” तो थांबला. “तू दरवाज्यात दिसलीस की माझा ठेका चुकतो. आज चुकला नाही, कारण आज... आज तुझ्यासाठीच वाजवत होतो. माझी होशील?”

बर्फ दोघांच्या मधल्या फळीवर साठत होता.

“सोमवारी विश्वस्तांचा निकाल लागेल,” ती कशीबशी म्हणाली. “तोवर थांबशील? आत्ता काही बोलले तर ते भीतीपोटी बोलल्यासारखं होईल.”

“थांबेन. पण एक वचन दे. निकाल काहीही लागो, माझ्या बँडमधल्या पोरांना तो भिंतीवरच्या सूचनेतून कळता कामा नये. तू स्वतः येऊन सांग.”

“दिलं.”

सोमवारी सकाळी हॅलॉक सरांनी तिला बोलावलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

“बंद.”

“पण सर, शनिवारी... तुम्ही बघितलंत ना? सगळे परत आले होते!”

“मी बघितलं गं. विश्वस्तांनी नाही बघितलं. थंडी सोसेना म्हणून ते मध्यंतरातच उठले... आणि परत आले नाहीत.”



“सूचना संध्याकाळी लागेल,” सर म्हणाले. “तोवर कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही.”

“तेवढं नाही जमायचं, सर.” आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “मी शब्द दिलाय.”

सर वळले. तिच्याकडे बघत राहिले. 

“मग कोट घाल नीट,” ते म्हणाले. “बाहेर बर्फ आहे.”

पायऱ्या उतरून ती बाहेर आली. बँडची खोली मैदानाच्या पलीकडे होती. सरावाला सुरुवात झाली असावी, बंद खिडक्यांतून ड्रमचा धीमा आवाज येत होता. तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक सगळ्या पोरांना, आणि एक फक्त लेलँडला. त्याच्यासाठीचं उत्तर रात्रीच ठरलं होतं, निकालाची वाट न बघता. डकोटा तर डकोटा. पण ते आधी सांगितलं तर पोरांचं दुःख त्या सुखाखाली झाकल्यासारखं होईल.

पोरांचं आधी, तिने ठरवलं.

क्षणभर डोळे मिटून ती उभी राहिली. मग तिने बटणं गळ्यापर्यंत लावली आणि कोऱ्या बर्फावरून मैदानाच्या दिशेने हळूहळू चालू लागली.