विहीर भरली कशी?

"पाणी चढलंय! चार बोटं वर!" शिवतेज विहिरीच्या पायरीवरून ओरडला.

बारा वर्षांच्या मनस्वीनं वाकून पाहिलं. तिच्या या मित्रानं कोळशानं ओढलेली कालची रेघ खरंच बुडाली होती! १९९५चा जून संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. उन्हानं खाडीकाठचं गाव नुसतं भाजत होतं. पाण्यावाचून शाळेची सुट्टीसुद्धा आठ दिवस वाढली होती. मग विहीर भरते कशी?

"देव पावला गं बाय!" म्हणत गंगूआजीनं कळशी सोडली.

मनस्वीला मात्र हे पटलं नाही. तिनं कळशीतलं पाणी चाखलं. "शी! खारट!"

गावाला पिण्याचं पाणी एवढंच. हेही गेलं तर? तिला रडूच यायला लागलं.

"आज अमावास्या," तिचा भाऊ प्रितेश पुटपुटला. "म्हणजे खाडीला उधाण! बांधाकडे पळा!"

भर दुपारी तिघं खाडीच्या बांधावर पोचले. बांधातली लाकडी झडप भरतीला आपोआप मिटायची. पण तिच्यात बांबू अडकवला होता आणि खाडीचं पाणी धो धो विहिरीजवळच्या तळ्यात शिरत होतं! तेच झिरपून विहिरीत उतरत होतं.

"बाळारामकाकांचं काम!" प्रितेश म्हणाला. "तळं त्यांचं, झडपही तेच बघतात."

काका तिथंच झाडाखाली पहुडले होते. विहीर खारट झाल्याचं ऐकून ते हसले. "काय टेन्शन घेता रे? उन्हानं पानी खारट होतंच!"

"आमचे सर म्हणतात, पृथ्वीच तापत चाललीय," शिवतेज म्हणाला.

"तुमच्या सरांना सांग, पंखा लावा!"

 मनस्वीनं धावत जाऊन विहिरीचं पाणी आणलं. "दमलात काका, घ्या."

काकांनी घोट घेतला आणि थुंकला. "मीठ कोनी टाकलं?"

"तुमच्या बांबूनं!"

काकांनी तळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तळं आटलं, मासे तडफडून मरत होते गं. विहीर ध्यानातच नाय आली."

ओहोटी लागताच त्यांनी स्वतः बांबू उपसला. मग गावानं दोन दिवस खारं पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी तळाशी नवे पाझर फुटले. गंगूआजीनं पाणी चाखलं. "गोड हाय! पोरांनो, गाव वाचवलात!"

"थँक्यू आजी!" प्रितेशनं उडीच मारली.

शिवतेजनं खाली उतरून नवी रेघ ओढली. पाण्याखाली आता दोनच पायऱ्या उरल्या होत्या. मनस्वीनं वर पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

"आजी," तिनं विचारलं, "तू विहीर कधी एवढी खाली गेलेली पाहिलीस?"

आजीनं कळशी अर्धीच भरली. "नाय गं," ती म्हणाली.