वाटीतलं पाणी

घड्याळजींनी आपलं फिरतं घर तळ्याकाठच्या मैदानात आणून उभं केलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. मोसमात इथे ट्रेलरला ट्रेलर लागून असायचे, पोरं चेंडू खेळायची. आज चिटपाखरू नव्हतं. राखणदाराच्या खोलीला कुलूप होतं. पाण्यावरून धुकं सरपटत वर येत होतं आणि कुजक्या पानांचा ओला वास नाकात बसत होता.

एकटा जीव सदाशिव, असं लोक मजेत म्हणतात. म्हणणारे बहुधा चारचौघांत बसलेले असतात. बायको गेल्यापासून घड्याळजींना ती म्हण ऐकवत नव्हती. हा ट्रेलर दोघांनी हौसेने घेतलेला, जुनाच, पण तिने त्याला घरपण आणलं होतं. आता लेक म्हणत होती, विकून टाका. बरीच वादावादी होऊन शेवटी तिने एक अट घातली होती.

"एकट्याने कुठेतरी जाऊन घर नीट उभं करून दाखवा, बाबा. टेबलावरच्या वाटीचा फोटो पाठवा. पाणी कडांना सारखं लागलेलं दिसलं तर मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने परत यायचं."

वाटीचा प्रकार त्यांच्या घरचाच होता. ट्रेलर कुठेही थांबवला की तो पातळीत आणावा लागतो, नाहीतर झोपलेला माणूस गडगडत भिंतीला लागतो. पुढच्या दांडीखालच्या जॅकने पुढचा भाग वरखाली करायचा आणि मग चार कोपऱ्यांचे चार जॅक खाली उतरवून जमिनीला टेकवायचे. हे काम नवऱ्याचं. बायको आत टेबलाशी, पाण्याने भरलेल्या वाटीकडे बघत बसायची. ओरडून बोललेलं बाहेर ऐकू यायचं नाही, म्हणून ती भिंतीवर ठोकायची. एक ठोका म्हणजे वर घ्या. दोन म्हणजे पुरे.

तिचे नियमही कडक होते. आधी चाकांना पाचरी, मग बाकी सगळं. मऊ जमिनीवर जॅकखाली फळी हवीच. "आणि अहो, कोपऱ्याचे जॅक घराला धीर द्यायला असतात, उचलायला नाही," हे तर ती दर मुक्कामी ऐकवायची. "काही झालं तरी खाली शिरायचं नाही. माझं एकच कुंकू आहे." त्यावर घड्याळजी म्हणायचे, "एकच बरं, दोन नवरे तुला झेपले नसते."

ट्रेलर घेताना तिनेच विचारलं होतं, "तीन जॅक गंजलेले आणि मागचा डावा एकटाच कोरा कसा?" विकणारा म्हणाला होता, "जुना वाकला." ट्रेलर त्याच्या भावाचा होता. भाऊ एकटाच फिरायचा. त्या भावाचं पुढे काय झालं विचारलं तर विकणारा पावसापाण्याचं बोलू लागला होता.

घड्याळजींनी आज सगळं शिस्तीत केलं. पाचरी लावल्या, गाडी सोडवली, दांडीचा जॅक फिरवून पुढचा भाग बरोबर केला. फळ्या टाकून तीन कोपरे टेकवले. दरवेळी आत जाऊन वाटी बघायची आणि बाहेर यायचं, यात गुडघे बोलायला लागले. शेवटचा मागचा डावा राहिला. त्याचं हँडल फिरवता फिरवता ते सवयीने म्हणाले, "बघ गं, झालं का?"

ठक्.

त्यांचा हात हँडलवरच राहिला. धुक्यात कुठे काही हलत नव्हतं.

"तू…?" त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

ठक्.

वर घ्या. त्यांचे डोळे भरून आले. भीती वाटायला हवी होती, पण इतक्या दिवसांच्या मुक्या घरानंतर कोणीतरी काहीतरी सांगत होतं, तेवढ्यानेच त्यांना गहिवरून आलं. त्यांनी हँडल फिरवलं. पुन्हा ठोका आला, पुन्हा फिरवलं. जन्मभर टिकटिक ऐकून घड्याळाचं दुखणं ओळखणारा हा माणूस, पण मनात ओढ असली की कानही लबाडी करतात. आवाज बोदा होता. ती ठोकायची तो असा नव्हता. 'दमट हवा आहे,' त्यांनी स्वतःला समजावलं.

ठक्. अजून वर.

जॅक कुरकुरला. डावं चाक जमिनीवरून सुटलं, पाचर सैल होऊन आडवी पडली. हे होता कामा नये, हे त्यांना कळत होतं. तरी हात थांबेना, कारण हात थांबला तर ठोके थांबतील.

मग त्यांच्या ध्यानात आलं की आवाज भिंतीतून येत नाही. तो खालून येतोय. जमिनीखालून नव्हे, ट्रेलरच्या तळाला कोणीतरी खालच्या बाजूने ठोकत होतं.

ते गुडघ्यांवर बसले. उचललेल्या कोपऱ्याखाली आता माणूस आरामात शिरेल एवढी जागा होती. आतला अंधार दाट होता. गंजाचा आणि ओल्या कपड्यांचा वास येत होता.

"अगं, तू इथे… खाली काय करतेस?"

आत कोणीतरी कष्टाने श्वास घेतला. घड्याळजींनी हात टेकले. डोकं आत गेलं, एक खांदा आत गेला…

टिक्. टिक्.

वरून, भिंतीतून. दोन ठोके, धारदार, धातूचे. ती नेहमी अंगठीने ठोकायची. हे त्यांना आत्ता आठवलं.

पुरे.

त्यांनी अंग मागे ओढलं आणि त्याच क्षणी फळी सरकली. जॅक काडीसारखा दुमडला, चाक चिखलात रुतलं आणि अख्खा कोपरा दाणकन जमिनीवर बसला. चिखल त्यांच्या तोंडावर उडाला. त्यांची पाचावर धारण बसली होती. पण थोड्या वेळाने ते रडू लागले, ते भीतीने नव्हे. ती आली होती, आणि तेवढंच सांगून गेली होती.

आत फोन वाजत होता. गाडीची किल्लीही आतच होती. भिंतीला धरत ते तिरप्या घरात चढले. वाटी घसरत टेबलाच्या काठाला जाऊन अडकली होती. पाणी एका बाजूला गोळा झालं होतं.

"बाबा, किती वेळ? लागलं का घर?"

"नाही गं." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. भिंत गार होती. "विकून टाकू. नाही… विकायलाही नको. मोडीत काढू."

"अहो बाबा, रडताय का? मी रागावले नाहीये. पुन्हा प्रयत्न करा ना."

"तुझी आई म्हणाली, पुरे."

आईची ती अंगठी आता लेकीच्याच बोटात होती. ती इतकंच म्हणाली, "निघा तिथून. फोन चालू ठेवा."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. कोपरा चिखलात टेकलेला, खाली आता बोट घालायलाही जागा नव्हती. दाराशी पोचता पोचता त्यांची नजर वाटीवर गेली.

पाणी हलत होतं. एका बाजूला साचलेलं ते हळूहळू परतत होतं. पायाखालचा ट्रेलरचा तळ कसलाही आवाज न करता वर येत होता, बाहेर जॅक तर दुमडून पडला होता. बघता बघता पाणी चारी कडांना सारखं लागलं. ती असताना लागायचं तसं.

"बाबा? ऐकताय ना?"

त्यांच्या पायाखाली, तळव्याला लागेल इतक्या जवळ, एकच ठोका पडला.

ठक्.