मागची काच

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर तिच्यात मी स्वतः इतका लहान दिसलो नसतो.

रात्र नव्हती. गुरुवार होता, दुपारचे सव्वातीन. यार्डात लख्ख ऊन पडलं होतं आणि मी एका छोट्या पोकलेनच्या केबिनची मागची काच बदलायला गेलो होतो.

मी यंत्रांच्या, गाड्यांच्या काचा बसवतो. बावीस वर्षं झाली.

नऊ दिवसांपूर्वी ही पोकलेन चर खणताना कडेवरून घसरली आणि दाराच्या अंगावर आडवी झाली. दार चिखलात रुतलं. चरात पाणी भरत होतं. आत ऑपरेटर होता. लोकांनी बाहेरून मागची काच फोडली...

तोवर उशीर झाला होता.

"गांगरला," पोकलेनचे मालक मला म्हणाले. "आणीबाणीची खिडकी पाठीशीच असते. लाल कडी ओढायची, काच ढकलायची, संपलं. यानं हातसुद्धा लावला नाही. चौकशीवाल्यांनी तसंच लिहिलंय. संध्याकाळपर्यंत मशीन तयार ठेवा."

एवढं सांगून ते निघून गेले.

त्या खिडकीची रचना सांगायलाच हवी. काचेभोवती जाड रबर असतं. रबराच्या खाचेत आतल्या बाजूनं एक बारीक पट्टी दाबून बसवलेली असते आणि पट्टीच्या टोकाला लाल कडी. कडी ओढली की पट्टी निघून येते, रबर सैल पडतं, आणि काच ढकलली की बाहेर.

मी केबिनमध्ये शिरलो. काचेचे तुकडे झाडायला सीटजवळची चटई उचलली.

खाली चिखलात पट्टी होती.

पूर्ण निघालेली. लाल कडीसकट.

त्यानं ती ओढली होती...

मग मी चौकटीकडे पाहिलं. रबर जागचं हललं नव्हतं. रबर, लोखंड आणि काचेची उरलेली कड फटी बुजवायच्या काळ्या, चिकट सीलंटनं एकजीव झाली होती.

ते सीलंट मी भरलेलं होतं.

चार महिन्यांपूर्वी त्यानंच मला बोलावलं होतं. "अहो काचवाले, पाऊस आला की पाठीवर धार लागते. मशीन चालवतोय का आंघोळ करतोय, कळत नाही!" रबर जुनं झालं होतं. नवं मागवायला आठवडा लागला असता, म्हणून मी चहूबाजूंनी सीलंट भरून टाकलं. आणीबाणीच्या खिडकीला ते कधीही भरायचं नसतं.

हे मला ठाऊक होतं.

"पक्की ना?" त्यानं विचारलं होतं.

"हत्तीनं लाथ मारली तरी हलायची नाही," मी म्हणालो होतो. दोघंही हसलो होतो.

यानंतर मी जे केलं, ते लिहिताना आजही मान खाली जाते. मी पातं काढलं आणि ते सीलंट खरवडलं. शेवटच्या कणापर्यंत. खरवड पोत्यात भरली. ती पट्टीही पोत्यात टाकली. मग नवं रबर, नवी काच, नवी पट्टी... सगळं अगदी नियमानं बसवलं. यार्डचे वॉचमनकाका बाहेरून काच दाबून धरत होते.

आता कुणालाच काही दिसलं नसतं.

मी खाली उतरलो, दार लावलं, तोच फाटकातून एक बाई आत आल्या. चाळिशीच्या असतील.

"मी त्याची मोठी बहीण," त्या म्हणाल्या. "त्याची पिशवी राहिलीय इथं."

वॉचमनकाका पिशवी शोधायला खोलीत गेले. त्या पोकलेनकडे पाहत राहिल्या.

"दादा, तुम्ही काचेचं काम करता. एक विचारू? ही खिडकी उघडायला अवघड असते का हो?"

"नाही."

"मग त्याला कशी नाही उघडता आली? अहो, घरात कुकरचं झाकण अडकलं तरी आम्ही त्यालाच हाक मारायचो. आणि आता जो तो म्हणतो, बावळट होता, हातपाय गाळले त्यानं. वडील तर घराबाहेर पडायचेच थांबलेत. लोकांना काय सांगायचं म्हणतात."

मला तेव्हाच बोलता आलं असतं.

"पाण्यात माणसाला सुचत नाही, ताई," मी म्हणालो.

धप्प...

आवाज केबिनमधून आला. पाण्याखालून कुणी काचेवर तळवा मारावा तसा, जड.

केबिनमध्ये कुणी नव्हतं.

पुन्हा. धप्प... मग थोडं थांबून आणखी एकदा. दमत चाललेल्या माणसासारखा.

"काय वाजलं?" ताईंनी विचारलं.

"रबर बसतंय. नवं आहे ना."

तेही खोटंच होतं. रबर असं वाजत नाही.

मी मागे जाऊन पाहिलं. पट्टी अर्धी बाहेर आली होती. लाल कडी आत लोंबत होती... हलत होती.

आत शिरून मी पट्टी पुन्हा खाचेत दाबली. अंगठ्यानं चारही बाजू तपासल्या. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

आणि यार्डातले आवाज थांबले.

शेजारच्या शेडमधला कंप्रेसर. रस्त्यावरच्या गाड्या. काहीच ऐकू येईना.

फक्त सर्रर्र...

भर उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत, ती पट्टी खाचेतून निघत गेली. एक कोपरा... दुसरा... तिसरा... घाईघाईनं कुणी ओढावी तशी. मग सीटवर पडली.

मी पोकलेनच्या चाकांवरच्या पट्ट्यावरच बसलो.

"ताई," मी म्हणालो, "त्यानं कडी ओढली होती."

मी सगळं सांगितलं. पोतं त्यांच्यापुढं रिकामं केलं. काळी खरवड आणि चिखलानं माखलेली पट्टी. त्यांनी पट्टी उचलून हातात घेतली. रडल्या नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"चिकटवायचं नसतं, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"दार उघडा," त्या म्हणाल्या.

मी कुलूप काढलं. त्या भावाच्या सीटवर जाऊन बसल्या. दार ओढून घेतलं.

"पट्टी निघाल्यावर काय करायचं असतं?" आतून आवाज आला.

"वळून काच ढकलायची. बस. थांबा, मी मागून धरतो."

मी मागे गेलो. मान खाली घालून दोन्ही तळवे काचेला टेकवले.

काच माझ्या हातांत आली. सहज. रबरासकट.

"एवढंच होतं, ताई," मी म्हणालो. "एवढ्याच धक्क्यानं निघाली असती."

"मी अजून वळलेसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी सगळं लिहून दिलं, चौकशीवाल्यांना आणि ताईंच्या वडिलांना. त्या मालकांनी मला पुन्हा बोलावलं नाही. जे व्हायला हवं होतं, ते झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण बावीस वर्षं मी काचा हाताळतोय. सैल काच आपणहून पडते, तेव्हा आधी तिची वरची कड झुकते. ही सरळ आली होती. आणि हातांत आल्यावरही पलीकडचा जोर लगेच थांबला नाही. दोन तळव्यांचा जोर, माझ्या तळव्यांसमोर... बराच वेळ तसाच होता. काच थंडगार होती. उन्हात असूनही.

मध्ये फक्त ती काच होती. मान वर केली असती, तर कदाचित मला तो दिसला असता.

मी मान वर केली नाही. भीती होतीच. पण त्याच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटली.